बिनबियांची काकडी लावली, मग आत बिया कुठून आल्या?

गच्चीवरची बाग नव्याने सुरू केलेली बरीच मंडळी जानेवारी-फेब्रुवारीत काकडीचं पाकीट आणतात. हल्ली ते ‘बिनबियांच्या’ काकडीचं असतं: लांब, गुळगुळीत, पातळ सालीची, सॅलडमध्ये चकत्या करून घालायची. वेल छान चढतो, काकड्या लागतात, आणि एप्रिलच्या सुरुवातीला कोणीतरी फोटो पाठवून विचारतं, “पाकिटावर बिनबियांची लिहिलंय, आणि आत तर बियाच बिया. फसवलं का हो मला?”

मीही पहिल्या वर्षी हेच विचारत होते. पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या गच्चीवर चार पिशव्यांत चार वेल होते. पहिल्या सात-आठ काकड्या अगदी कोवळ्या आणि बिनबियांच्या निघाल्या. पुढच्या मात्र खालून फुगलेल्या, वर मानेशी बारीक, आणि फुगलेल्या भागात टचटचीत बिया. मी बी विकणाऱ्या दुकानात जाऊन भांडून आले. दुकानदाराची चूक नव्हती, बियाणं चांगलं होतं. माझ्या वेलापर्यंत पराग पोहोचला होता आणि तो कुठून आला ते मी पाहिलंच नव्हतं. पुढचे दोन उन्हाळे मी ते शोधत राहिले. त्यातून जे हाताला लागलं, ते ज्या क्रमाने तपासावं त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

आधी त्या खरंच बिया आहेत का ते पाहा

काकडी आडवी चिरा. मध्ये तीन भाग दिसतील, कारण काकडीचं फळ तीन कप्प्यांचं असतं. बिनबियांच्या काकडीतही या कप्प्यांत पांढऱ्या, चपट्या, पारदर्शक खुणा असतात. ती न वाढलेली बीजांडं, म्हणजे पराग मिळाला असता तर ज्यांची बी झाली असती ते कण. फळ परागाशिवाय वाढलं तरी बीजांडांची जागा काही नाहीशी होत नाही. नवख्या माणसाला या खुणा बियाच वाटतात.

त्यातली एक खूण अंगठ्याच्या नखाने दाबा. विरघळल्यासारखी चिरडली आणि आत काहीच नसेल, तर ती बी नाही. तुमची काकडी ठीक आहे, पुढचं काही वाचायची गरज नाही. नखाला टरफल लागलं आणि ते फुटून आतून पांढरा गर निघाला, तर ती बीच. मग पराग आला होता हे नक्की. काकडीत पराग आल्याशिवाय भरलेली बी होत नाही. ऊन, खत, पाणी, माती यांपैकी कशानेही आपोआप बी भरत नाही. ही एक गोष्ट धरून ठेवली की बाकीचं शोधकाम सोपं जातं, कारण मग प्रश्न उरतो तो एवढाच की पराग कोणाचा, आणि तो फुलापर्यंत आला कसा.

फळाचा आकारही बोलतो. परागाशिवाय वाढलेली काकडी देठापासून टोकापर्यंत सारख्या जाडीची असते. पराग अर्धवट मिळाला तर फुलाकडच्या टोकाशीच बिया भरतात आणि काकडी तिथे दुधी भोपळ्यासारखी फुगते. चिरायच्या आधीच हे ओळखता येतं.

पाकीट पुन्हा वाचा, या वेळी नीट

पाकिटावर दोन शब्द सापडतात, आणि त्यांच्यात होणारा गोंधळ हे अर्ध्या तक्रारींचं मूळ आहे असं मला वाटतं.

एक शब्द ‘पार्थेनोकार्पिक’. याचा अर्थ परागीभवन न होताच फळ धरणारा वाण. बिनबियांची काकडी ती हीच. दिल्लीच्या पुसा संस्थेची ‘पुसा पार्थेनोकार्पिक काकडी-६’ या प्रकारातली. पॉलिहाऊसमध्ये जे वाण लावतात तेही बहुतेक असेच असतात, कारण बंद जाळीत मधमाशी जात नाही आणि तरी फळ धरायला हवं.

दुसरा शब्द ‘गायनोशियस’. याचा अर्थ वेलावर जवळजवळ सगळी फुलं मादीच येतात. लक्षात घ्या, सगळी मादी फुलं म्हणजे बिनबियांचं फळ नव्हे. नुसत्या गायनोशियस वेलाला फळ धरायला पराग लागतोच, आणि पराग लागला की बी आलीच. म्हणून अशा काही पाकिटांत नर फुलं देणाऱ्या दुसऱ्या वाणाच्या थोड्या बिया मुद्दाम मिसळलेल्या असतात, कधी वेगळ्या रंगाने रंगवलेल्या. आपण त्या सगळ्या एकत्र पेरतो, आणि पराग देणारा वेल आपल्याच हाताने आपल्याच गच्चीवर लावलेला असतो.

पाकिटावर दोन्ही शब्द असतील तर वाण बिनबियांचा आहे. नुसतं ‘गायनोशियस’ असेल तर बिया येणारच. दोन्ही नसतील आणि ‘हिमांगी’, ‘फुले शुभांगी’ किंवा ‘पूना खिरा’ असं काही नाव असेल, तर ती आपली नेहमीची काकडी आहे. तिच्यात बिया असायलाच हव्यात. ‘पूना खिरा’ तर आपल्या गावाचं नाव लावणारी. कोवळी असताना फिकट हिरवी, जून झाली की पिवळसर तांबूस. तिला बी भरली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, फक्त लवकर काढत जा.

पाकीट फेकून दिलं असेल तर पुढची चाचणी तुम्हाला वाणही सांगेल.

सकाळी सात ते नऊ, आठवडाभर फुलं पाहा

काकडीचं फूल एकच दिवस जगतं. सकाळी उमलतं, दुपारनंतर मिटायला लागतं. त्यामुळे संध्याकाळी कामावरून आल्यावर वेल पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. चहाचा कप घेऊन सकाळी गच्चीवर जा.

मादी फूल ओळखायला अगदी सोपं. पाकळ्यांच्या मागे बोटाच्या पेराएवढी, बारीक काटेरी लव असलेली काकडी आधीपासूनच असते. नर फुलामागे नुसता बारीक देठ. नर फुलं बहुधा पानाच्या बेचक्यात तीन-चारच्या झुबक्याने येतात, मादी एकेकटी किंवा दोन-तीन. साध्या काकडीच्या वेलावर आधी आठ-दहा दिवस नुसती नर फुलंच येतात. “फुलं येतात आणि गळून जातात, फळच धरत नाही” अशी चिंता लोक याच दिवसांत करतात. ते नेहमीचं आहे, थांबा.

आठवडाभर प्रत्येक वेलाखाली एक कागद ठेवा आणि नर किती, मादी किती अशा उभ्या रेघा मारत जा. यातून तीन गोष्टी दिसतात. वेल नर फुलांनी भरलेला असेल तर तो बिनबियांचा वाण नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. चार वेलांपैकी तिघांवर फक्त मादी आणि एकावर भरपूर नर असतील, तर तो एक वेल परागाचा दाता आहे. आणि सगळे वेल मादीच असताना मधूनच एखाद्या पेरावर दोन-चार नर फुलं दिसली, तर वेलाला ताण बसलाय. त्या तिसऱ्या गोष्टीकडे आपण नंतर सविस्तर येऊ.

एखादं मादी फूल उघडून आतही पाहा. मधोमध तीन भागांची, जाडसर, हिरवट-पिवळी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग, दिसेल. तिच्याभोवती पिवळी पूड असलेले परागकोशही दिसले, तर ते फूल नरमादी दोन्ही आहे. अशी फुलं काही वाणांतच येतात, आणि त्यांची फळं बहुधा गोलसर, आखूड होतात. एवढी वर्षं वेल लावूनही मला ती फार थोड्या वेळा दिसली, तेव्हा सगळ्यात आधी तिकडे धावू नका.

पिशवीची चाचणी

ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नका, एवढंच माझं हट्टाचं सांगणं आहे. बाकीचे सगळे अंदाज असतात, इथे वेल स्वतः उत्तर देतो.

हळदीकुंकवाला वाण देतात किंवा लग्नात बदाम-खडीसाखर घालून देतात, त्या जाळीच्या छोट्या पिशव्या घरात पडलेल्या असतात. अशा तीन पिशव्या घ्या. पिशवी कोरडी हवी आणि तिची दोरी ओढून तोंड आवळता आलं पाहिजे.

संध्याकाळी वेलाजवळ जा आणि उद्या उमलणारी मादी कळी शोधा. उद्याच्या कळीच्या टोकाशी पिवळा रंग दिसायला लागलेला असतो, परवाची अजून हिरवीच असते. तीन कळ्यांवर पिशव्या चढवा, आणि दोरी काकडीच्या मागे, देठाशी, हलक्या हाताने आवळा. पिशवी कुक्षीला चिकटून बसता कामा नये, कारण मधमाशी जाळीवर बसूनही पराग लावू शकते. शेजारच्याच तीन मादी कळ्या उघड्या ठेवा. सहाही देठांना लोकरीचे तुकडे बांधा, झाकलेल्यांना लाल, उघड्यांना निळे. तारीख वहीत लिहा. आज आठवतंय म्हणून सोडून दिलं तर आठ दिवसांनी कोणती कोणाची ते कळत नाही, हे मी करून बसलेले आहे.

तिसऱ्या दिवशी फूल पूर्ण सुकलं की पिशवी काढा, नाहीतर फळ आत अडकतं. लोकर राहू द्या. साधारण दहा-बारा दिवसांनी सहाही काकड्या काढून एकाच ताटात ओळीने चिरा.

झाकलेल्या तिन्ही बिनबियांच्या आणि उघड्या बियांच्या निघाल्या, तर वाण खरोखर बिनबियांचा आहे आणि पराग माश्यांनी आणला. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये बहुतेक वेळा हेच उत्तर येतं.

झाकलेली फळं धरलीच नाहीत, पिवळी पडून सुकली, आणि उघडी छान वाढली, तर वाणाला परागाची गरज आहे. पाकिटावर काय होतं ते विसरा. हा बियांचाच वाण. मात्र तिन्ही सुकली तरच हे म्हणायचं. एखादं फळ वेल ताण आल्यानेही टाकून देतो.

सहाही बिनबियांच्या निघाल्या, तर सध्या परिसरात काकडीचा पराग नाही. आधीच्या बिया त्या आठवड्यातल्या होत्या, तो दाता वेल आता संपला असेल. काही करू नका.

झाकलेल्यातही भरलेल्या बिया निघाल्या, तर एक शक्यता अशी की पिशवी उशिरा चढवली आणि फूल आधीच उमललं होतं. दुसरी, वर म्हटलेली दुहेरी फुलं. चाचणी पुन्हा करा, या वेळी कळी आणखी हिरवी असताना झाका.

पराग आणला कोणी, आणि कुठून

आमच्या गच्चीवर पहिल्या उन्हाळ्यात माझ्या वेलांवर एकही नर फूल नव्हतं. मी चक्रावले होते. मग एके दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. मी सहज विचारलं, “काका, तुमच्याकडे काकडीचा वेल आहे का हो?” ते म्हणाले, “आहे ना, मागे पाण्याच्या टाकीजवळ. गावाकडून बी आणलेलं. फुलं बघ किती आलीत, फळं मात्र हाताच्या बोटावर मोजण्याइतकी.” ती भरमसाट फुलं नर होती. त्यांचा पराग तीन मजले चढून माझ्याकडे येत होता.

काकडीचा पराग चिकट आणि जड असतो, वाऱ्याने फारसा जात नाही. तो नेतात मधमाश्या. आपल्या शहरात काकडीच्या फुलावर येतात त्या मुख्यतः सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली छोटी पोया. आग्या माशीही येते, पण तिला गच्चीतल्या दोन-चार वेलांपेक्षा मोठे फुलोरे आवडतात असं माझं निरीक्षण आहे. सातेरीच्या दृष्टीने एक किलोमीटर हे काही फार अंतर नाही. म्हणजे तुमच्या सोसायटीत काकडी नसली तरी मागच्या गल्लीतल्या बंगल्यात, नदीकाठच्या मळ्यात, कुठेही असू शकते. दाता शोधणं हा छंद म्हणून छान आहे, उपाय म्हणून फारसा नाही. शेजाऱ्याला वेल काढायला सांगणं तर मुळीच बरोबर नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. कारलं शेजारी लावलं म्हणून काकडी कडू झाली, दोडक्याचा पराग लागून बिया झाल्या, असं खूप ऐकू येतं. कारलं, दोडका, दुधी, लाल भोपळा यांच्या परागाने काकडीला बी धरत नाही. खरबूज आणि चिबूड काकडीचे जवळचे नातलग, पण त्यांच्या परागानेही धरत नाही. काकडीची बी काकडीच्याच परागाने. कडूपणा हा वेगळा विषय: तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, आणि वेलाला उन्हाचा किंवा पाण्याचा ताण बसला की वाढतो. आणि या वर्षीच्या परागाने या वर्षीच्या फळाचा गर बदलत नाही, बदल होतो तो आतल्या बीमध्ये. तो दिसायचा तर ती बी पुढच्या वर्षी पेरायला लागते.

मादी वेलावर नर फुलं का येतात

वर ज्या तिसऱ्या गोष्टीचा उल्लेख केला तिच्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण मला यात सगळ्यात जास्त रस आहे.

काकडीच्या कळीत सुरुवातीला नर आणि मादी दोन्ही भागांची सुरुवात झालेली असते. पुढे कोणता भाग वाढणार हे वेलातल्या द्रव्यांच्या तोलावर ठरतं. इथिलीन जास्त असेल तर कळी मादी होते. हा तोच वायू, ज्याने पिकतं केळं शेजारच्या कच्च्या आंब्याला पिकवतं. जिबरेलिन वाढलं तर कळी नराकडे झुकते. बीजोत्पादन करणारे याचाच उपयोग करतात. सगळी मादी फुलं देणाऱ्या वेलापासून बी मिळवायचं तर पराग हवा, म्हणून ते अशा वेलावर चांदीचे क्षार फवारतात. चांदी इथिलीनचं काम थांबवते, आणि मादी वेलावर नर फुलं येतात.

आपल्या गच्चीवर हे काम ऊन करतं. मोठा दिवस आणि गरम हवा नर फुलं वाढवते, छोटा दिवस आणि थंड रात्र मादी फुलं. पुण्यात डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, तर जूनचा सुमारे सव्वातेरा तासांचा. एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३८-४० पर्यंत जातो, आणि सिमेंटची गच्ची रात्री उशिरापर्यंत गरम राहते. साध्या वाणावर या दिवसांत नर फुलांचा पूर येतो. त्यामुळे परिसरात पराग नेमका तेव्हाच सर्वाधिक असतो जेव्हा आपल्या बिनबियांच्या वेलाला फळं लागत असतात. चांगला मादी वाण सहसा टिकून राहतो, पण मुळं तापली, दोन दिवस पाणी चुकलं, पिशवी लहान पडली की तोही मधूनच नर फुलं देतो.

म्हणून वेलाला निदान १५-२० लिटरची पिशवी द्या, एका पिशवीत एकच वेल. पिशवी सिमेंटवर थेट न ठेवता विटांवर ठेवा. वरून चार बोटं वाळका पालापाचोळा टाका. मार्चच्या शेवटापासून सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी घाला, आणि दुपारी बारा ते चार पश्चिमेच्या बाजूने हिरवी शेडनेट. युरिया किंवा ताजं शेणखत घालून वेल माजवू नका. माजलेला वेल नुसती पानं दाखवतो. मादी फुलं वाढवायला शेतकरी इथरेल (इथिलीन सोडणारं औषध) फवारतात, हे तुम्ही कुठेतरी वाचाल. चार कुंड्यांसाठी ते करू नका. मात्रा जराशी चुकली की वाढ खुंटते, आणि खायच्या घरच्या भाजीवर त्याची गरजही नाही.

आलेली नर फुलं उमलण्याआधी, कळी असतानाच, नखाने खुडून टाका. ती मागे फळ नसलेली आहेत ना, हे दोनदा पाहून.

आता उपाय

मोकळ्या गच्चीवर, मार्च ते मे, जाळीशिवाय पूर्ण बिनबियांची काकडी मिळणं कठीण आहे. माझं मत विचाराल तर दोन वाटा आहेत, आणि दोन्ही चांगल्या.

पहिली वाट, जाळी. चार वेळूच्या काठ्या उभ्या करून जुनी, न फाटलेली मच्छरदाणी वरून पांघरली तरी पुरते. कीटकरोधक जाळी विकत घेतली तर ४० मेशची (एका इंचात ४० छिद्रांची) घ्या. खालच्या कडेला वाळूच्या पिशव्या ठेवा, नाहीतर वाऱ्याने उचलली जाऊन माश्या आत अडकतात आणि आतच फिरत राहतात. जाळीचा आणखी एक फायदा म्हणजे फळमाशीही बाहेर राहते. तिने डंख मारलेली काकडी वाकडी होते आणि आतून सडते, उन्हाळ्यात त्याने पार जीव नकोसा होतो. एक खबरदारी मात्र घ्या: या जाळीत कारलं, दोडका, भोपळा लावू नका. त्यांना फळ धरायला मधमाशी लागते. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी सगळे वेल एकाच जाळीत घेतले आणि दोडका का धरत नाही म्हणून महिनाभर खतं बदलत बसल्या.

दुसरी वाट, वेळ बदलणं. बिनबियांचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावलं तर दिवस लहान होत जातो आणि शेजारचे उन्हाळी वेल संपलेले असतात. भर पावसात तर माश्या बाहेरच कमी पडतात, त्यामुळे जुलैत उघड्या गच्चीवरही काकडी बिनबियांची निघालेली मी पाहिली आहे. फक्त त्या दिवसांत केवडा रोग पानांवर फार पटकन येतो. पानं कोरडी राहतील अशा वळचणीला वेल असेल तरच जमतं.

दोन्ही जमणार नसतील तर उन्हाळ्यात सरळ गावरान काकडी लावा आणि कोवळी काढा. मी आता तेच करते. एक वेल जाळीत, बाकी सगळं उघड्यावर.

एक गोष्ट कृपा करून करू नका: माश्या येऊ नयेत म्हणून वेलावर कीटकनाशक फवारणं. मला हे विचारलं गेलं आहे आणि फार वाईट वाटलं. तुमच्या दोन काकड्यांतल्या बिया वाचवायला तुम्ही ज्या माश्या माराल, त्यांच्यावर आसपासच्या सगळ्या गच्च्यांवरची कारली, दोडके, भोपळे अवलंबून आहेत. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आपल्याच पुण्यात, गणेशखिंड रस्त्यावर आहे. ज्या शहराकडे देशभरातून लोक माश्या पाळायला शिकायला येतात, तिथल्या गच्च्यांवर त्या मरू नयेत. मावा किंवा पांढरी माशी आली म्हणून निंबोळी अर्क मारायचा असेल तरी तो सूर्यास्तानंतर, फुलं मिटल्यावर मारा.

बिया भरलेल्या काकड्यांचं काय करायचं

वेलावर ठेवू नका, हे पहिलं. आत बी भरायला लागली की वेलाचं सगळं बळ तिकडे जातं आणि पुढची मादी फुलं गळतात. एक जून काकडी पानाआड राहून गेली तर अख्खा वेल थंडावतो. म्हणून उन्हाळ्यात एक दिवसाआड पानं उचलून पाहायचं, खालून फुगायला लागलेली काकडी दिसली की लगेच काढायची.

कोवळ्या बिया असतील तर खमंग काकडीत त्या कळतसुद्धा नाहीत. किसायची नाही, हातात धरून चोचवायची, मग दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि वरून जिरं-मिरचीची फोडणी. बिया टणक झाल्या असतील तर मधला भाग चमच्याने खरवडून काढा आणि गर किसून थालीपिठात घाला. अगदी जून झालेल्याचं तवसाळं करा. कोकणातले लोक त्यासाठीच काकडी जून होऊ देतात.

आणि बी धरायचं असेल तर? काकांच्या गावरान वेलाचं बी मी दर वर्षी धरते. त्यासाठी एकच चांगली काकडी फूल उमलल्यापासून महिना-सव्वा महिना वेलावर ठेवायची, पार तांबूस होईपर्यंत. गर बियांसकट वाटीत काढून दोन दिवस झाकून ठेवायचा, वरती फेस येतो आणि बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. मग भरपूर पाण्यात धुवायचं. बुडतील त्या बिया ठेवायच्या, तरंगतील त्या पोकळ, टाकून द्यायच्या. सावलीत आठवडाभर वाळवून राखेत कालवून डब्यात ठेवायच्या, वर तारीख आणि कोणत्या वेलाची ते लिहून.

तुमच्या बिनबियांच्या वेलात भरलेल्या बिया मात्र धरायच्या नाहीत. तो वाण बहुधा संकरित, त्यात पराग कोणाचा लागला ते माहीत नाही. त्या बीतून बिनबियांची काकडी येईल याचा भरवसा नाही. मी एकदा कुतूहल म्हणून अशा सहा बिया पेरल्या. सहा वेलांवर सहा तऱ्हेच्या काकड्या आल्या, दोन कडू निघाल्या, आणि सहाही वेलांवर नर फुलं लटकत होती.